उभा चिरलेला हातपंप

तुम्ही हातपंप पुष्कळ पाहिले असतील. पण हातपंपाचं पोट पाहिलं नसेल. माझं बघा. गळ्यापासून तळापर्यंत मला उभं चिरलेलं आहे. आतला दट्ट्या दिसतो, दट्ट्यावरच्या चामड्याच्या वाट्या दिसतात, तळाची झडप कशी उघडते नि कशी मिटते तेही दिसतं. असा चिरल्यापासून मी विहिरीतून पाण्याचा एक थेंब काढलेला नाही. तरी सांगतो, माझं खरं आयुष्य चिरल्यावरच सुरू झालं.

त्याआधीचं थोडक्यात सांगून टाकतो. बहात्तरच्या दुष्काळात मला किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या अलीकडच्या एका वाडीत बसवलं. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. भामाबाई नावाच्या म्हातारीनं पहिली घागर भरली, माझ्या दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई गुणाचा हाय गं बाई."

चार उन्हाळे मी गुणाचा राहिलो. मग आतलं चामडं झिजलं. दांडा मारला की नुसता खडखडाट. तळहाताएवढी चामड्याची वाटी बदलली असती तर मी पुन्हा चालू लागलो असतो. पण माझ्या पोटात काय असतं हे त्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी आधी दांडा जोरानं मारला, मग दोघादोघांनी लोंबकळून मारला, मग लाथा मारल्या. भामाबाईनं एकदा माझ्यावर लिंबूही उतरवून टाकलं. शेवटी मला उपटलं. लांब पाइप कुणीतरी नेले आणि डोकं, दांडा, सिलिंडर एवढा उरलेला मी मुदखेडला एका भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडलो. सहा पावसाळे पडून होतो.

तिथून मला उचललं रेणुकादास सरांनी.

सर नांदेडला एका तांत्रिक शाळेत फिटरकाम शिकवायचे. बुटके, जाड भिंगाचे, बोलताना कायम हातात काहीतरी घेऊन कानशीनं घासत बसणारे. त्या सुमाराला लातूर जिल्हा नवा झाला होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या, शिक्के बदलले होते; पण कार्यानुभवाच्या मास्तरांना शिकवायला तिथं अजून ना कार्यशाळा होती ना हत्यारं. कार्यानुभव म्हणजे पोरांना हातानं काम करायला शिकवण्याचा तास. बहुतेक शाळांत त्या तासाला कागदाची फुलं आणि काथ्याची तोरणं व्हायची. म्हणून नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या शिक्षकांचं अकरा दिवसांचं प्रशिक्षण नांदेडला ठरलं आणि ते सरांच्या गळ्यात पडलं.

सरांनी मला बाकावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि करवत लावली. ओतीव लोखंड उभं चिरायचं म्हणजे खेळ नव्हे. तीन दिवस लागले, सात पाती मोडली. दुखलं नाही असं म्हणणार नाही. पण चौथ्या दिवशी सरांनी आतल्या पितळी अस्तराची धार घासून गुळगुळीत केली, बाहेरून मला तांबडा रंग दिला, सागवानी फळीवर बसवलं आणि दांडा खालीवर करून बघितला. माझा दट्ट्या सगळ्यांदेखत वर गेला, खाली आला. सर एकटेच होते तरी मोठ्यानं म्हणाले, "वा!"

*

प्रशिक्षणाला बावीस शिक्षक आले. त्यात बाई एकच.

सिंधु सोनकांबळे. वय सव्वीस-सत्तावीस, सावळी, हडकुळी, कुणी बोलावल्याशिवाय पुढं न येणारी. वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. रुळांचे बोल्ट आवळणाऱ्या बापाचा डबा तिनं लहानपणी रोज नेला होता, पण पाना कधी हातात धरला नव्हता. नोकरी लागली ती नव्या लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावात. कार्यानुभव शिकवायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून तो तास तिच्याकडं आला होता, आणि प्रशिक्षणाला यायला कुणी तयार नव्हतं म्हणून ती इथं आली होती.

तिच्या अगदी उलट वसंतराव. धर्माबादचे जुने मास्तर, पन्नाशी ओलांडलेले, पांढराशुभ्र नेहरू शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच सकाळी त्यांनी चौफेर बघून विचारलं, "फळा कुठाय?"

"काढून ठेवलाय," सर म्हणाले.

"मग नोट्स कशा घ्यायच्या? तुम्ही सांगा, आम्ही उतरवून घेतो. माझं अक्षर चांगलं आहे."

"अक्षर बघितलंय गुरुजी. ह्या खेपेला हात बघू."

वसंतराव हसले, पण मनातून रागावले. "आम्ही मास्तर आहोत सर, मिस्त्री नाही," असं ते दुपारच्या चहाला तीनदा म्हणाले. चामड्याच्या वाटीला तर त्यांनी चार दिवस बोटही लावलं नाही. रुमालात धरून बघायचे.

पाचव्या दिवशी जे झालं ते मी विसरलेलो नाही. शाळेच्या आवारातल्या विहिरीवर एक चालता पंप होता. सरांनी तो सगळ्यांसमोर खोलला, पुन्हा जोडला, आत सोडला आणि दांडा मारला. पाणी नाही. वीस वेळा मारला, तीस वेळा मारला. बावीस मास्तर विहिरीभोवती वाकून बघत होते. वसंतरावांच्या ओठांवर किंचित हसू.

सरांनी चष्मा काढून पुसला. "माझं काहीतरी चुकलंय. काय ते मलाही कळेना. चला, मिळून शोधू."

पंप पुन्हा वर आला. सगळे त्याच्याभोवती जमले. सिंधु मात्र माझ्याकडं आली. माझ्या चिरेत तिनं डोळा लावला, मग पलीकडं जाऊन बाहेर काढलेला दट्ट्या बघितला, पुन्हा माझ्याकडं आली. असं चार वेळा झाल्यावर हळूच म्हणाली, "सर, ह्याच्या वाटीचं तोंड वर हाय. तुमच्या वाटीचं खाली झालंय."

सरांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटले. "घ्या! अठरा वर्षं पंप शिकवून राहिलो!"

त्या संध्याकाळी हत्यारं पुसताना तिनं सरांना विचारलं, "सर, एवढ्या लोकांत माझं चुकलं म्हणायला भीती नाही वाटली?"

"वाटली की. घाम फुटला होता. पण लपवलं असतं तर अजून तिथंच दांडा मारत बसलो असतो."

उरलेल्या सहा दिवसांत सिंधु मागच्या बाकावर दिसली नाही. हातांना काळं वंगण लागलं की आधी पदर सांभाळायची, मग पदर खोचून घ्यायला शिकली. आणि शेवटच्या दिवशी, प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर, सगळे गाडीच्या वेळा विचारत असताना ती सरांपुढं उभी राहिली. "सर, हा पंप मला न्यायचा हाय. चित्र काढून पोरांना कळणार नाही."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. तीन दिवस घाम गाळला होता माझ्यावर. ते म्हणाले, "न्या. परत आणायची घाई करू नका."

*

एसटीच्या टपावर चढलेला मी पहिलाच चिरलेला पंप असेन. उदगीरच्या स्टँडवर मला उतरवताना कंडक्टरनं डोळे बारीक केले. "बाई, हे काय म्हणावं? तोफ हाय का?"

"शाळेचं सामान हाय."

"शाळंत आता लढाई शिकवून राहिले काय?"

गावातली शाळा तीन खोल्यांची. मी सातवीच्या वर्गात खिडकीखाली उभा राहिलो. आणि काय सांगू, भामाबाईच्या वाडीत माणसं माझ्यासमोर रांग लावायची, तशी इथं पोरं लावायला लागली. दांडा एकानं मारायचा, बाकीच्यांनी चिरेतून बघायचं. आठ दिवसांत त्यांना माझं पोट पाठ झालं. कुणा टारगटानं एकदा माझ्या तळाच्या झडपेखाली चिंचोका सरकवून ठेवला. झडप मिटेना. सिंधुबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या बुडाजवळची चीर ओल्या मातीनं लिंपली, वरून पेलाभर पाणी ओतलं आणि विचारलं, "आता पाणी का थांबंना, सांगा." तो तास पुढं दोन दिवस चालला, आणि मग दर वर्षी नव्या सातवीला बाई तोच चिंचोका घालून विचारायला लागल्या.

पुढच्या वर्षी पाऊस ओढला. त्याच्या पुढच्या वर्षीही. विहिरी आटल्या. गावाचा सगळा भार वेशीजवळच्या एका सरकारी हातपंपावर आला. त्या पंपाला लागून दानम्माचं घर. दानम्मा साठीची, धिप्पाड, आवाज असा की रांगेत कुणी घुसलं तर अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलून ती त्याला वेशीबाहेर काढायची. रांगेचा कायदा तिचाच. त्या कायद्यात बौद्धवाड्यातल्या बायका सगळ्यांत शेवटी भरायच्या. सिंधुबाई बौद्धवाड्यात खोली घेऊन राहत होत्या. त्याही शेवटीच भरायच्या. दानम्मा त्यांना मानानं "मास्तरणीबाई" म्हणायची आणि मानानं दोन हात लांब ठेवायची.

चैत्रात तो पंप बंद पडला. दुरुस्तीची गाडी एकच, गावं शेकड्यानं. "येईल, येईल" म्हणता तीन आठवडे गेले. बायका-पोरी कोसभर लांब ओढ्यातल्या झऱ्यावर जायला लागल्या. सातवीच्या पटावर एकोणीस मुली होत्या. वर्गात चार यायच्या. सिंधुबाई रोज हजेरी घ्यायच्या आणि न आलेल्या पंधरा जणींची नावंही थांबून थांबून वाचायच्या.

एक दिवस त्यांनी नांदेडला सरांना पत्र टाकलं. पंप उपसायचा तर पाइप धरायचे चिमटे हवेत, मोठे पाने हवेत. सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. पाचव्या दिवशी एसटीतून एक पांढराशुभ्र नेहरू शर्ट उतरला. डोक्यावर हमालासारखं पोतं, पोत्यात चिमटे आणि पाने.

"सरांनी पत्र धाडलं, त्यांना उठवत नाही म्हणून," वसंतराव धापा टाकत म्हणाले. "तिथं सगळं रुमालात धरून बघितलं बाई. आता म्हटलं, बघू खरं काय ते."

सकाळी पोरांनी मला बैलगाडीत घालून पंपाजवळ नेलं. अख्खं गाव जमलं. सरपंच मलप्पा पुढं झाले. माणूस वाईट नव्हता, पण चाचरत बोलायला लागला. "बाई, पंप सरकारी हाय. बिघडला तर जिम्मेदार कोण?"

"बिघडलेलाच हाय की."

"हाव, ते खरं. पण... तुम्ही आसं करा. तुम्ही बाजूला राहून सांगा. आत हात आमच्यातलं एखादं पोरगं घालंल. लोकांला पाणी प्यायचं हाय, समजून घ्या."

समजायला काही उरलं नव्हतं. सिंधुबाईंचा चेहरा लाल झाला. त्या एवढंच म्हणाल्या, "मी पंप दुरुस्त करायला आले नाही. हा माझा तास हाय. मी हात लावल्याशिवाय पोरं शिकत नाहीत."

कुणी हलेना. वसंतराव घसा खाकरून काही बोलणार, तेवढ्यात ओट्यावरून दानम्मा कडाडली, "अरं मलप्पा! तीन आठवडं झऱ्याचं पाणी पिऊन राहिलाव. तिथं म्हशी बसत्यात. म्हशीचं चालतंय आन् मास्तरणीचं चालत न्हाई व्हय रं?"

लोक हसले. मलप्पाही हसला, मान खाली घालून. काम सुरू झालं.

नऊ पाइप वर काढायचे होते. चिमटा आवळायचा, उचलायचं, सोडवायचं, पुन्हा आवळायचं. शेवटी सिलिंडर आला. बाईंनी तो माझ्या शेजारी ठेवून खोलला. त्याच्या वाट्या झिजून जाळीसारख्या झाल्या होत्या. प्रशिक्षणात मिळालेला वाट्यांचा जोड त्यांनी कागदात जपून ठेवला होता. तो बसवला, तोंड वर. नऊ पाइप पुन्हा आत गेले. तोवर दिवस कलला. दानम्माच्या सुनेनं दांडा मारला. दहा, वीस, पन्नास, शंभर.

पाणी नाही.

एकेक माणूस उठून जायला लागला. मागं कुणीतरी पुटपुटलं, ते मला ऐकू आलं, म्हणजे बाईंनाही आलं असणार. त्या पंपाजवळ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझं चुकलं. सिलिंडर आत सोडायच्या आधी बादलीत बुडवून बघायचा असतो. पाणी नाही म्हणून मी बघितला नाही. उद्या पुन्हा काढू."

"पुन्हा नऊ पाइप?" मलप्पा म्हणाले.

"नऊच."

दिवेलागणीला शाळेच्या ओट्यावर वसंतराव तळहातांचे फोड बघत बसले होते. घरून आणलेल्या दशम्या संपल्या होत्या. सिंधुबाईंनी भाकरी आणि डाळीचं पिठलं आणलं, आणि जरा अंतरावर ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, मलप्पांच्या घरूनही बोलावणं हाय. तिकडं जायचं असंल तर..."

वसंतरावांनी ताट ओढून घेतलं. "फोड आलेत हो. मोडून द्या भाकरी."

दुसऱ्या दिवशी माणसं निम्मीच आली. पाइप वर आले, सिलिंडर बाहेर निघाला. आता बादलीभर पाणी हवं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कोसभर चालून आणलेलं पाणी, कोण देणार? आणि त्यात चामडं बुडणार, बाईंचे हात बुडणार.

दानम्मा घरात गेली. पहाटे आणलेली घागर कमरेवर घेऊन आली आणि सगळी बादलीत ओतली.

बाईंनी सिलिंडर बुडवला, दट्ट्या ओढला आणि सिलिंडर उचलून उभा धरला. बुडातून पाण्याची धार लागली. आणि सातवीचा अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "चिंचोका!"

मोठ्या माणसांना काहीच कळलं नाही. बाई मात्र हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. तळाची झडप खोलली. तिच्याखाली हरभऱ्याएवढा खडा अडकला होता.

त्या दुपारी पंपाला आधी तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. दानम्मानं ओंजळ धरली आणि प्याली. मग रांगेकडं वळून ओरडली, "मास्तरणीची घागर कुठाय? आणा कुणीतरी!"

सगळं बदललं असं सांगितलं तर खोटं होईल. आठवड्याभरात रांग पुन्हा होती तशी लागली. पण बौद्धवाड्यातल्या बायका आता मधूनमधून कुणाच्याही मागं उभ्या राहायच्या आणि दानम्मा दुसरीकडं बघायची. पंप कुरकुरला की बाईंच्या खोलीपर्यंत ती स्वतः चालत जायची. आणि सोमवारी सातवीच्या हजेरीत एकोणीस मुलींनी "हजर" म्हटलं.

*

पुढं लातूरलाही प्रशिक्षणाची जागा झाली. रेणुकादास सरांनी वारण्याआधी चिठ्ठी लिहून सिंधुबाईंचं नाव सुचवलं होतं. वीसेक वर्षं बाईंनी दर उन्हाळ्यात मास्तरांना शिकवलं, आणि गावातून तिथं नेलेला मी त्यांच्या बाजूला उभा. निलंग्याचे, औशाचे, अहमदपूरचे किती मास्तर माझ्या चिरेत डोळा लावून गेले! पहिल्या दिवशी सगळे हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी हात पुढं यायचे. ते हात अजून आठवतात मला. खडूनं पांढरे झालेले, आणि मग हळूहळू काळे होत गेलेले.

मग संगणक आले. ते यायलाच हवे होते. सिंधुबाई पन्नाशीला टेकल्या होत्या, त्याही शिकायला बसल्या. पहिल्याच दिवशी त्या शिकवणाऱ्या पोराला म्हणाल्या, "झाकण काढा की. आत काय हाय ते बघू." पोरगं घाबरलं. पण झाकण निघालं!

माझी जागा मात्र गेली. आधी कोपऱ्यात, मग व्हरांड्यात, मग जिन्याखाली. आता मोठ्या दालनात पडद्यावर चित्रं सरकतात, मास्तर मोबाइलवर त्यांचे फोटो घेतात आणि प्रमाणपत्रासह गाडीच्या वेळेला बाहेर पडतात. मी कुणाला दोष देत नाही. फक्त ऐकतो.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात सिंधुबाईंचा निवृत्तीचा सत्कार झाला. शाल झाली, भाषणं झाली. जाताना त्यांनी माझी चौकशी केली. कारकुनानं मला जिन्याखालून ओढून काढलं, फडक्यानं पुसलं. बाईंनी दांडा धरला. दट्ट्या गंजानं आवळला होता, पण दोन-तीन झटक्यांत हलला.

कारकून म्हणाला, "मॅडम, रजिस्टरमधून हा कधीच कमी केलाय. भंगारातच जायचा आहे. तुमची आठवण म्हणून घरी न्या ना."

घरी! त्यांच्या अंगणात, तुळशीशेजारी का होईना.

बाईंनी खूप वेळ माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "घरी नेऊन काय करू? मला येतंय आता. ज्यांना येत न्हाई त्यांच्यात राहू द्या."

त्या गेल्या. मी राहिलो. त्या वेळी वाईट वाटलं, खरं सांगतो. आता वाटत नाही.

तुम्ही मास्तर असाल आणि कधी प्रशिक्षणाला इकडं आलात, तर मधल्या सुट्टीत जिन्याखाली जरा वाका. दांडा जड जाईल, पण हलेल. आत बघा, बोटं घाला, काही चुकलं तर चुकू द्या. हात मळतील. बाहेर नळ आहे. पाणी आलेलं असलं, तर धुऊन घ्या.